मास्तरांचा एक

मास्तर, परवा माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि यादीत माझं नाव पहिलं आहे. साधा मोतीबिंदू आहे, घाबरण्यासारखं काही नाही असं डॉक्टर म्हणाले, मुलगी म्हणाली, आणि ज्या रिक्षावाल्याने मला दवाखान्यातून घरी सोडलं तोही म्हणाला. त्याच्या आजीचं झालं होतं म्हणे, चौथ्या दिवशी ती गहू निवडायला बसली. दवाखान्यातल्या फळ्यावर सिस्टरने नावं लिहिली होती, एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे आकडा. माझ्या नावापुढे मराठी १. वर गोल डोकं, खाली ओघळलेली शेपटी. मी त्या आकड्याकडे बघत उभा राहिलो आणि माझे तळहात ओले झाले. सिस्टरला वाटलं मला दिसत नाहीये. ती जवळ येऊन मोठ्याने म्हणाली, "काका, पहिला नंबर तुमचा. एक. एक आहे तो." मी म्हणालो, "वाचला." घरी येईपर्यंत तो एकच शब्द माझ्या तोंडात घोळत होता. कारण हाच शब्द तुम्ही एकदा माझ्याकडून ऐकायला थांबला होतात आणि मी तो उच्चारला नव्हता.

मला लिहायची सवय आहे, तुम्हाला ठाऊक आहे. वर्तमानपत्रात संध्याकाळी सहाला पान सोडायचं म्हणजे सहाला सोडायचं, मग घरात काय घडलंय ते घरात. पूर आला, गिरणी जळाली, बोट बुडाली, सगळ्याची बातमी मी वेळेत दिली. लोक किती घाबरले होते हे मी इतक्या वेळा लिहिलं की तो शब्द बोटांना पाठ झाला. हे पत्र मात्र कुणी मागितलेलं नाही, आणि आज सकाळपासून मी तीनदा चहा करून घेतला आहे.

तुम्ही मला एक शिकवलात तो दिवस मला आठवतो. खाडीकाठची आपली शाळा, समोर वाळत घातलेल्या जाळ्यांचा वास, आणि तुम्ही माझा हात धरून पाटीवर फिरवताय. "एक म्हणजे पळी," तुम्ही म्हणता. "वर वाटी, खाली दांडा. आईच्या हातात बघतोस ना रोज?" मी घरी जाऊन चुलीजवळच्या पळीकडे बघत बसलो होतो. आणि नऊ? नऊला तुम्ही रुसलेला म्हणायचात, तोंड फिरवून बसलेला. वर्गात कुणी दोघांची गल्लत केली की तुम्ही मारत नव्हता, फक्त विचारायचात, "पळी की रुसलेला?" आणि सगळा वर्ग हसायचा. साहेब तपासणीला आले की तुम्ही हुशार मुलांना मागे बसवून मला पुढे उभं करायचात, वर्गातल्या सगळ्यात भित्र्या मुलाला. मला तो अन्याय वाटायचा. तुम्ही एकदा समजावलंत की साहेब आल्या आल्या अजून घाम पुसत असतो, त्याला कडक व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात तुझं होऊन जातं. शेवटच्या मुलापर्यंत तो पुरता तापलेला असतो. मला पटलं नाही. पुढे उभं राहणं म्हणजे पुढे उभं राहणं, एवढंच मला कळत होतं.

मग तुम्ही शाळा सोडून कुवेतला गेलात. आपल्या किनाऱ्यावरच्या घराघरातून तेव्हा कुणी ना कुणी तिकडे निघालं होतं. मी मॅट्रिक झालो, टायपिंगची परीक्षा दिली आणि तुम्ही मला बोलावून घेतलंत. बंदराजवळच्या मखजनात, म्हणजे कंपनीच्या गोदामात, तुम्ही स्टोअरकीपर आणि मी टायपिस्ट. राहायला मिरकाब मोहल्ल्यातली खोली, सहा जणांची. खिडकीला तारेची जाळी, जाळीवर कायम वाळूचा थर. दुकानात अजून आपलेच रुपये चालत होते, खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, विकणारा माणूस हिंदीत भाव सांगायचा, आणि संध्याकाळी खोलीत सगळे लुंग्या नेसून बसले की मला वाटायचं, आपण फार लांब आलेलो नाही. मी रोज झोपताना हाताची बोटं मोडून बघायचो. दहाच्या दहा नीट आहेत ना. टायपिस्टाचं बोट गेलं तर कंपनी तिकीट हातात देते आणि बोटीत बसवते. तसं झालेले दोन जण माझ्या माहितीचे होते. घरी आई आणि लग्नाची बहीण माझ्या बोटांवर जगत होत्या.

खोलीतला सगळ्यात मोठा आवाज भंडाऱ्याचा. जहाजावर स्वयंपाक करणाऱ्याला आपल्याकडे भंडारी म्हणतात. हा वीस वर्षं जहाजावर होता, आता कंपनीच्या मेसमध्ये. पोट सुटलेला, हात लांब, कुणाचीही थट्टा करायला मोकळा. तुम्हाला 'मास्तर' म्हणायचा पण चहा देताना "घ्या, गुरुजींचा प्रसाद" असं म्हणून डोळा मारायचा. मला तो 'टिकटिक' म्हणायचा, टाइपरायटरवरून. "टिकटिक, तू भातपन टिकटिक करूनच खातंस काय रे? एक एक शीत?" माझ्या पानात तो न विचारता दुसरा मासा टाकायचा. हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढे सांगायला जड जाईल.

आणि ते ड्रमचं प्रकरण. तुम्ही घाईत चिठ्ठी लिहिलीत, रंगाचा १ ड्रम धक्क्यावर पाठवा, आणि आकडा मराठी पडला. दुपारी ट्रकमधून नऊ ड्रम धक्क्यावर उतरले. अरब फोरमन चिठ्ठी नाचवत आला, "तिस्सा! मकतूब तिस्सा!" नऊ लिहिलंय, नऊ. तुम्ही चिठ्ठी बघितलीत आणि हसत खुर्चीत बसलात. अरबी नऊ हुबेहूब आपल्या एकासारखा असतो आणि इंग्रजी नऊही त्याचाच भाऊ. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? मुदीरला, म्हणजे आपल्या अमेरिकन साहेबालाही ती गंमत इतकी आवडली की महिनाभर तो तुम्हाला लांबूनच विचारायचा, "वन? ऑर नाइन?" फोरमन तर कुणीही एक सिगारेट मागितली की नऊ बोटं दाखवायचा. एकाचे नऊ होऊ शकतात हे अशा रीतीने सगळ्या मखजनाला माहीत झालं. मलाही.

दक्षिणेकडच्या तेलाच्या छावणीत अमेरिकन लोक शुक्रवारी बेसबॉल खेळायचे. वाळू उडू नये म्हणून जमिनीवर कच्चं तेल शिंपडून दाबलेलं काळं मैदान, कोपऱ्यांवर वाळूने भरलेली पोती. त्यांना खेळायला दुसरा संघ मिळेना, तेव्हा मुदीरने तुम्हाला नऊ माणसं जमवायला सांगितलं. आपल्याला क्रिकेट ठाऊक, हा खेळ बघून भंडारी म्हणाला, "ह्यो काय खेल हाय, मास्तर? दांडू हाय, विटी नाय, आनि मारून झाल्यावर पलायचा. चोरी केल्यासारका." तुम्ही मात्र वही घेऊन दोन शुक्रवार नुसते बघत बसलात. मग खोलीत सतरंजीवर काड्यापेटीच्या काड्या मांडून आम्हाला समजावलंत. नऊ जण ठरलेल्या क्रमाने बॅट घेतात, नववा झाला की पुन्हा पहिला. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, चेंडू गुडघा ते छाती या पट्ट्यातून गेला पाहिजे. चार चेंडू पट्ट्याबाहेर गेले तर न मारताच पहिलं पोतं फुकट मिळतं.

आणि मग तुम्ही तुमचा क्रम सांगितलात. अमेरिकन लोक पळणारा माणूस पहिला घालतात आणि जोरात मारणारा चौथा. तुम्ही म्हणालात, जो चांगला मारतो त्याला दुसरा पाठवा, म्हणजे डाव संपेपर्यंत त्याला जास्त वेळा बॅट मिळते. चौथ्याची वाट बघत बसायचं कशाला? आणि पहिला? पहिला भित्रा पाहिजे.

"भित्रा?" भंडाऱ्याने कांदा चिरायचा थांबवून विचारलं.

"पिचर सुरुवातीला हात मोकळा करत असतो," तुम्ही म्हणालात. "चेंडूला वेग नसतो आणि दिशाही नसते. कुठेही जातो. अशा वेळी धीट माणूस बॅट फिरवतो आणि फसतो. भिणारा माणूस वाकून लहान होतो, बॅट फिरवतच नाही, आणि चेंडूकडे शेवटपर्यंत बघतो. त्याला फुकट पोतं मिळतं. भिणाऱ्याइतकं नीट कुणी बघत नाही."

"मग आपला टिकटिक! त्याला तर चहा ओतताना पन भ्या वाटता." सगळे हसले. मीही हसलो. त्या रात्री मी बोटं दोनदा मोडून बघितली.

कारण मी तो पिचर बघितला होता. विहिरीवर ड्रिलिंग करणारा, सहा फुटांच्या वर, चेहऱ्यावर तांबडे ठिपके, तंबाखू चघळणारा, फारसा न बोलणारा माणूस. आदल्या शुक्रवारी त्याचा एक चेंडू त्यांच्याच माणसाच्या बरगडीवर बसला होता. तो आवाज मी सांगू शकत नाही. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा, पण आत काहीतरी असलेला. तो माणूस पडला नाही, नुसता उभा राहिला, तोंड उघडं, श्वास घ्यायला विसरल्यासारखा. तेव्हा डोक्याला टोपीशिवाय काही घालत नसत. सरावाला मी उभा राहायचो तेव्हा आपलाच वेल्डर चेंडू टाकायचा, तरीही मी वाकून लहान व्हायचो. तुम्ही वहीत काहीतरी लिहायचात. मला वाटायचं तुम्ही मला वगळणार. नंतर कळलं की मला सरावात किती वेळा फुकट पोतं मिळालं ते तुम्ही टिपत होता. त्या आठवड्यात मला जेवण जाईना. टाइप करताना प्रत्येक किल्लीच्या ठोक्याला मी बोटांकडे बघायचो. हे सांधे, ही नखं. चेंडू हातावर बसला तर कुठलं हाड आधी जाईल याचा मी हिशेबाने विचार करत होतो, आणि घरी आईला चौकडीच्या कागदावर "मी खुशाल आहे" असं लिहीत होतो.

गुरुवारी मखजन बंद व्हायच्या सुमाराला तुम्ही माझ्या टेबलावर एक कागद ठेवलात. "याची इंग्रजीत नक्कल कर, उद्या पंचाला द्यायची आहे. आज कुणाला सांगू नकोस, नाहीतर खोलीत रात्रभर वाद घालतील. मैदानावर मी समजावेन." आणि तुम्ही असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजला गेलात. कागदावर तुमच्या अक्षरात नऊ नावं, घाईत सुचतील तशी मांडलेली, आणि प्रत्येकापुढे क्रमाचा आकडा. माझ्या नावापुढे १. भंडाऱ्याच्या नावापुढे ९.

मास्तर, ती पळी होती. वर वाटी, खाली दांडा. मी ती जगातल्या कुठल्याही कागदावर ओळखली असती.

मी खुर्चीत बसून होतो. बाहेर फोरमन कुणाला तरी ओरडत होता, पत्र्याचं दार वाऱ्याने आपटत होतं, आणि दर आपटण्याला माझी मान आत जात होती. मी कागद टाइपरायटरला लावला. मनात काही ठरवलं असं मी म्हणणार नाही. मी फक्त तो कागद फोरमन बघेल तसा बघितला. माझ्या पुढचा आकडा नऊ दिसू लागला, अगदी सहज, आणि मग ज्याच्यापुढे रुसलेला होता त्याला उरलेली जागा द्यावी लागली. टाइप करायला दोन मिनिटंही लागली नसतील. एकही अक्षर चुकलं नाही. तुमचा कागद मी घडी करून खिशात ठेवला आणि तुम्ही परत आलात तेव्हा नक्कल पाकिटात बंद होती. तुम्ही ते पाकीट उघडून बघितलं नाहीत. माझं काम तुम्ही कधी तपासत नव्हता.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर ट्रक आला. वाटभर भंडारी बॅट मांडीवर घेऊन गात होता. मैदानावर छावणीचा डॉक्टर पंच होता. त्याने पाकीट फोडलं आणि पहिलं नाव पुकारलं. भंडाऱ्याचं. तुम्ही पुढे गेलात, कागद हातात घेतलात, वाचलात. मग माझ्याकडे वळून बघितलंत. आपल्यात दहा पावलांचं अंतर होतं आणि मी ते सगळं वापरलं. मी मोठ्याने म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मास्तर, तुमचा आकडा... मला नऊ वाटला."

फोरमन ट्रकच्या टपावर बसून खेळ बघायला आला होता. तो आनंदाने ओरडला, "तिस्सा! तिस्सा!" आणि नऊ बोटं वर केली. मुदीर हसला. आपली माणसं हसली. तुम्ही पंचाला विनंती केलीत, क्रम बदलून द्या म्हणून, आणि तो म्हणाला की कागद हातात दिला की दिला, नियम आहे. तुम्ही पुन्हा सांगायला लागलात तेवढ्यात भंडाऱ्याने तुमच्या खांद्यावर हात ठेवला. "जाव द्या, मास्तर. पयला काय, नववा काय. मी बघतो त्याचा बॉल कसा हाय तो. आनि ह्या टिकटिकला तवर जरा श्वास घेव द्या, बघा कसा पांडरा पडलाय." बॅट खांद्यावर टाकून तो गेला. मला अजून दिसतं. लांब हात, पोट पुढे, वाकणं नाही, लहान होणं नाही. मेसमधल्या भात वाढायच्या मोठ्या डावासारखी त्याने बॅट हवेत दोनदा ढवळली आणि पिचरला सलाम केला. तो तांबडा माणूसही हसला.

पहिला चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला. भंडाऱ्याने तोही मारायचा प्रयत्न केला. सगळे हसले. तुम्ही ओरडलात, "बघ! नुसता बघ!" दुसऱ्या चेंडूला तो पुढे झुकला. तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं, मास्तर, अक्षरशः तसंच. वेग नव्हता फार, दिशा नव्हती. मी असतो तर चेंडू हातातून सुटायच्या आधीच जमिनीवर बसलो असतो. तो मला लागूच शकला नसता. हे मला तिथे उभ्याउभ्या समजलं, त्या आवाजाच्या आधी की नंतर ते सांगता येत नाही. हा आवाज बरगडीसारखा नव्हता. लहान होता. भंडारी गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात चेहऱ्यावर, आणि त्या काळ्या तेलकट जमिनीवर रक्ताचा रंग दिसतच नव्हता. "आयला," तो म्हणाला, "लागला वाटता." मग आडवा झाला.

डाव तिथेच थांबला. नववा माणूस बॅट घ्यायला गेलाच नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

डावा डोळा गेला. छावणीच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर तो पिचर टोपी पिळत रडत होता आणि तुम्ही त्याला, त्या परक्या आडदांड माणसाला, पाणी देत होता. मुदीर आला. तुम्ही उठून त्याला सांगितलंत, "माझ्या आकड्यामुळे झालं. आमचा एक तुमच्या नऊसारखा दिसतो. मी घाईत आमचा आकडा घातला. टायपिस्टाचा दोष नाही." मुदीरने मान हलवली. त्याला ड्रम आठवले असणार. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मखजनात तुम्ही मला म्हणालात, "तो कागद आण बघू." मी म्हणालो, "मैदानावर उडाला." कागद माझ्या खिशात होता, शर्टाच्या, डाव्या बाजूला, आणि तुम्ही माझ्यापासून हातभर अंतरावर. तुम्ही "बरं" म्हणालात. खडू घेतलात, फळीवर खोक्यांचे आकडे लिहायला लागलात, इंग्रजीत. त्या दिवसापासून तुमच्या हातून मराठी आकडा पडलेला मी बघितला नाही. चिठ्ठीवर नाही, वहीत नाही, गावच्या पत्रावरच्या तारखेत नाही. सात-आठ खोकी झाल्यावर मागे न वळता तुम्ही विचारलंत,

"तुला पाटीवर एक कुणी शिकवला रे?"

"तुम्ही, मास्तर."

खडू थांबला. तुम्ही थांबलात. मला माहीत आहे तुम्ही कशासाठी थांबला होतात. एक शब्द हवा होता. पत्र्यावर ऊन कडकडत होतं आणि मी माझ्या बोटांकडे बघत होतो, दहाच्या दहा. मग तुम्ही "हं" म्हणालात आणि पुढचा आकडा लिहिलात. आयुष्यात मला तुम्ही एवढंच रागावलात.

भंडाऱ्याला कंपनीने बोटीत बसवलं. बंदरावर त्याने मला मिठी मारली, पट्टीखालच्या बाजूने गाल माझ्या गालाला घासला, आणि म्हणाला, "जेवत जा रे." मी आणखी पाच वर्षं तिथे होतो. रुपये गेले, दिनार आले, मिरकाबमधल्या जुन्या भिंती पडल्या, नव्या इमारती उठल्या. मी तुमच्यासमोर रोज बसून टाइप करत होतो आणि रोज घाबरत होतो की आज तुम्ही विचाराल, आणि विचारलं नाहीत की आणखी घाबरत होतो. मुंबईला वर्तमानपत्रात जागा मिळाली तेव्हा तुम्ही मला आकडे उमटवायचं हातयंत्र दिलंत, दांडा दाबला की पुढचा आकडा येतो ते. "आता तुला अक्षराची अडचण पडणार नाही," तुम्ही म्हणालात. तुमचा चेहरा प्रेमळ होता. मी तो चेहरा इतकी वर्षं उलटसुलट वाचतो आहे आणि मला अजून अर्थ लागलेला नाही. माझ्या प्रत्येक लेखाच्या पानावर त्या यंत्राचे आकडे आहेत. आज मात्र या पत्राच्या पानांवर मी हाताने घातले, पळीपासून सुरुवात करून.

भंडाऱ्याला मी एकदाच भेटलो. खाडी ओलांडणाऱ्या तरीच्या धक्क्यावर त्याने चहाचं हॉटेल टाकलं होतं. तुम्ही नुकतेच गेला होतात, म्हणजे वारला होतात; बातमी आली तेव्हा मी पान लावत होतो आणि दफनाला पोचलो नव्हतो. त्याने मला ओळखलं आवाजावरून. "टिकटिक! आता पेपरात टिकटिक करतंस?" बशीत न मागता दोन केळी ठेवली. मग म्हणाला, "मास्तर सुट्टीत आला की हितं येऊन बसायचा. दर वेलेला तेच. माझ्या एकानं तुझा डोला घेतला. मी बोलायचो, अवो मास्तर, अर्धा दिसता तर अर्धाच ताप. पर त्याला काय हसू येयाचा नाय." आणि थोडं थांबून, एका डोळ्याने माझ्याकडे बघत, "मी बोललो त्याला एकदा, टिकटिक तर तुमचाच शिकवलेला, त्याला कसा वाचता आला नाय? तर मास्तर बोलला, मी शिकवायला कमी पडलो." मी चहा संपवला. तरीची घंटा झाली आणि मी उठलो. तो कागद तेव्हाही माझ्याजवळ होता, पाकिटाच्या आतल्या कप्प्यात. आज टेबलावर आहे. घडीवर फाटला आहे, पण आकडा शाबूत आहे.

मी एक वाचला होता, मास्तर. तुम्ही शिकवायला कमी पडला नव्हता.

हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्न नाही. भंडारीही गेला. कागदाबरोबर घडी करून ठेवेन. फक्त एक राहिलं. काल दुपारी मी दवाखान्यात फोन केला होता. मला जरा सर्दी वाटतेय, माझा नंबर मागे घेता येईल का, असं विचारलं. सिस्टर म्हणाली, "घेते की, काका. शेवटच्या नंबरला एक आजी आहेत, त्यांना पहिलं घालते, त्यांची कशालाच तक्रार नसते." मी आभार मानले. तासाभराने मी पुन्हा फोन केला आणि म्हणालो, नको, आहे तसंच राहू द्या, पहिला मीच येतो. ती हसली. "पहिला नंबर बरा असतो, काका. उगाच घाबरता तुम्ही." तर आता फळ्यावर माझ्यापुढे पुन्हा पळी आहे आणि माझे तळहात हे लिहिताना ओले आहेत. पण तो मधला एक तास, मास्तर. गेल्या आठवडाभरात मला डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या तासात मी गाढ झोपलो होतो.